पिवळी वायर

ताईचं पत्र आलं त्याला एकोणीस महिने झाले होते. हे मला नेमकं सांगता येतं, कारण आलेल्या पत्राच्या पाकिटावर कोपऱ्यात पेन्सिलने तारीख टाकायची माझी जुनी सवय आहे. त्या तारखेखाली दुसरी तारीख लिहायची असते, उत्तर पाठवल्याची. ती जागा कोरी होती.

पत्र दीड पानाचं होतं आणि शेवटी सहीखाली एक पेन ड्राइव्ह चिकटपट्टीने चिकटवलेला होता. ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी आहे आणि तिने बांधलेलं काहीही पहिल्या प्रयत्नात सुटत नाही. ती पट्टी काढताना सहीचा अर्धा भाग निघून आला.

तिने लिहिलं होतं, ‘धाकट्या, यात माझी तीन गाणी आहेत. फोनवर रेकॉर्ड केली आणि शेजारच्या मॅडमनी यात भरून दिली. पहिलं आईचं आहे, शिवणयंत्रावर बसून म्हणायची ते. आमच्याकडे सभागृहात वर्षातून एकदा गाण्यांचा कार्यक्रम होतो. मला एकदा तरी गायचं आहे. पण आधी तू ऐक आणि खरं सांग. इथले सगळे वा वा म्हणतात. मी खोकले तरी वा वा म्हणतील. तुझा कान आईचा आहे. फोन करू नकोस, फोनवर तू छान म्हणून मोकळा होशील. लिही.’

मी लिहिलं नाही. सुरुवातीला माझ्याकडे उत्तम कारण होतं. पेन ड्राइव्ह ऐकायचा कशावर? हे कारण मला सात महिने पुरलं. दरम्यान गाणी न ऐकताच मी उत्तराचे चार मसुदे केले. त्यातला एकही ‘तुझं पत्र पोचलं’ याच्यापुढे गेला नाही. खरी अडचण वेगळी होती. गाणं वाईट निघालं तर ते सांगायची छाती नव्हती, आणि चांगलं निघालं तर ते ठरवणारा मी कोण? आईचा कान म्हणे! त्या कानाने मी चाळीस वर्षं ग्रंथालयात फक्त लोकांची कुजबुज पकडली.

आता जावयांबद्दल सांगायला हवं. माझे जावई लिफ्ट विकतात आणि तळमजल्यावर राहतात. मीही त्यांच्याच घरी राहतो, तेव्हा यावर हसायचा मला हक्क नाही. तरी हसतो, पण खोलीत गेल्यावर.

पत्र आल्यावर सात महिन्यांनी त्यांनी गाडीत पेन ड्राइव्हवरची गाणी वाजवणारा नवा डेक बसवला. बसवला म्हणजे स्वतः बसवला. दोन रविवार व्हिडिओ बघत, तोंडात स्क्रू धरून, पुढच्या सीटखाली डोकं घालून. मुलगी म्हणाली, “अहो, दुकानात अर्ध्या तासात करून देतात.” तर सीटखालून आवाज आला, “स्वतःच्या हाताने केलेल्याची गोष्टच वेगळी असते.”

वेगळी होतीच. गाडी सुरू केली की डेकवरचं घड्याळ बारा वाजल्यापासून सुरू व्हायचं. सकाळी आठला निघा किंवा दुपारी चारला, गाडीत बारा वाजलेले. आणि गाणं नेहमी पहिल्यापासून लागायचं. काल कुठे थांबलो होतो हे त्या डेकला आठवत नसे.

“सिस्टीमच तशी आहे, बाबा,” जावई म्हणाले. “दर वेळी फ्रेश स्टार्ट.”

त्यांच्या पेन ड्राइव्हमध्ये चार हजार दोनशे गाणी होती. हा आकडा ते गाडीत बसणाऱ्या प्रत्येकाला पट्टा लावायच्या आधी सांगत. पण घरापासून ऑफिस पंचवीस मिनिटांवर. पंचवीस मिनिटांत सहा गाणी होतात, सिग्नल लागले तर सातव्याची सुरुवात. चार हजार दोनशे गाण्यांचा हा मालक वर्षभर तीच सहा गाणी ऐकत होता. एकदा आम्ही लांब गेलो तेव्हा आठवं गाणं लागलं आणि गाडीत कोणी परका माणूस येऊन बसल्यासारखे तिघेही सावरून बसलो. पुढे पेट्रोल भरायला थांबलो आणि पुन्हा पहिलं गाणं. मुलीने सुटकेचा निःश्वास टाकला.

दर गुरुवारी ते मला गुडघ्याच्या व्यायामासाठी सोडायला येत. मी एकदा धीर करून विचारलं, “जावईबापू, ते आठवं गाणं पुढे काय होतं हो?”

“कुठलं?”

“ती बाई दार उघडते म्हणते, ते. पुढे येतं का कोणी?”

“बाबा, कलेक्शन इतकं मोठं आहे, एकेक कुठे लक्षात ठेवणार?”

हे असंच चालू राहिलं असतं. पण भावोजींचा फोन आला. भावोजी, म्हणजे ताईचे यजमान, फोनवर ‘हिला देतो’ याखेरीज काही बोलत नाहीत. त्या दिवशी ते चक्क बोलले.

“ती बाजारात गेलीय, म्हणून केला. तिने गाणं सोडलंय. सकाळी बसायची ना, ते बंद. मी विचारलं तर म्हणाली, धाकट्याचा निकाल लागला.”

“माझा निकाल?”

“दीड वर्ष तो गप्प आहे म्हणजे काय ते कळलं, म्हणाली. बिचाऱ्याला तोंडावर वाईट बोलवत नाही, म्हणाली. कार्यक्रमाची नावं या महिन्याच्या तीसपर्यंत द्यायची आहेत. पुढच्या वर्षी तिला ऐंशीवं लागेल, तेव्हा काही ती परत मनावर घ्यायची नाही.” मग थांबून त्यांनी विचारलं, “एवढं वाईट आहे का हो? मला तर काही कळत नाही. तुम्ही नक्की काय ऐकलंत?”

काय सांगणार? मी ऐकलंच नव्हतं. पेपर न तपासताच बहिणीला नापास केलं होतं.

त्या दिवशी महिन्याची पाच तारीख होती, सोमवार. गुरुवारी गाडीत बसताच मी ताईचा पेन ड्राइव्ह पुढे केला. जावयांनी तो लावला. डेकवर एक इंग्रजी शब्द आला, गेला, पुन्हा आला.

“खराब आहे,” जावई म्हणाले. “आत्याबाईंचा ड्राइव्ह खराब आहे.”

“डेकला वाचता येत नसेल.”

“माझ्या डेकला?” त्यांनी आरशातून माझ्याकडे असं पाहिलं की मी पट्टा पुन्हा तपासला.

व्यायाम सोडून मी तिथूनच डेकच्या दुकानात गेलो. सीट कव्हरांच्या ढिगामागे पन्नाशीचा एक माणूस बसला होता. त्याने पेन ड्राइव्ह स्वतःच्या संगणकाला लावला.

“ड्राइव्ह चांगला आहे, काका. फोनवर रेकॉर्ड केलेलं आहे. या फाइली सगळे डेक घेत नाहीत. दुसऱ्या प्रकारात करून देतो, मग कुठेही वाजेल.”

तो काम करत होता तेवढ्यात मी बारा वाजण्याची हकिगत विचारली. तो इतका हसला की गिऱ्हाईक वळून बघायला लागलं.

“घरी बसवलाय ना?”

“जावयांनी.”

“मग बरोबर आहे. डेकला लाल वायर असते, ती किल्लीबरोबर चालू-बंद होते. आणि एक पिवळी असते, ती थेट बॅटरीला लावायची. डेकला जे लक्षात ठेवायचं ते त्या पिवळीवर. तुमच्या जावयांनी दोन्ही एकत्र पिळून लालच्या जागी लावल्या असणार. किल्ली काढली की डेकला काहीच आठवत नाही. घेऊन या, पाच मिनिटांचं काम आहे.”

“आणि पहिलं गाणं कुठलं, ते तो कसा ठरवतो?”

“नावावरून. आधी आकडे, मग अक्षरं. आपल्या यादीसारखं.”

मी चाळीस वर्षं याद्याच केल्या होत्या. आधी आकडे, मग अक्षरं.

मग त्याने दुकानातल्या डेकवर ताईचं गाणं लावलं. बाहेर कोणीतरी हॉर्न तपासून बघत होतं. त्या हॉर्नच्या गोंगाटातून ताईचा आवाज आला, थोडा कापरा, पण घाई नसलेला. दुसऱ्या कडव्यात एका जागी तो खाली घसरला. अगदी स्पष्ट. मी काउंटरची कड धरली.

“कोण आहेत?” दुकानदाराने विचारलं.

“माझी बहीण.”

“बरं,” तो म्हणाला.

त्या ‘बरं’चं काय करायचं हे मला घरी पोचेपर्यंत कळलं नाही. ताई घसरते हे नक्की. पण मला ते का आवडलं होतं? बहीण म्हणून, की आईचं गाणं म्हणून, की म्हातारपणी माणसाला काहीही आवडतं म्हणून? हे लिहून पाठवायचं तर आधी परक्या कानाकडून तपासून घ्यायला हवं होतं. आणि असा कान घरातच होता. माझे जावई स्वतःखेरीज कोणालाही वा वा म्हणत नाहीत.

संध्याकाळी मी मुलीला म्हटलं, “आत्याची गाणी यांच्या ड्राइव्हमध्ये टाकून देतेस? जागा असेल ना?”

तिने लॅपटॉप उघडला. “फोल्डरला नाव काय देऊ?”

“नाव मी देतो.” मी चष्मा लावून, एका बोटाने, तीन वेळा शून्य दाबलं आणि पुढे ‘ताई’ लिहिलं.

मुलीने पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “बाबा! हे कुठून शिकलात?”

“सूचीचा नियम आहे,” मी म्हटलं. माझे कान तापले होते. आयुष्यात कोणाचं पुस्तक मी रांगेबाहेर पुढे लावलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रात्री जेवताना जावई ताटाशी बोलावं तसं म्हणाले, “ड्राइव्हला व्हायरस लागलाय. सकाळी गाडी सुरू केली आणि कोणी म्हातारी गायला लागली.”

“आत्या आहे ती,” मुलगी म्हणाली. “मी टाकलीय.”

“पहिल्या नंबरवर?”

“काढा ना मग. काढलीत की फोन करून तिला तुम्हीच कळवा.”

जावयांनी जास्तीची पोळी घेतली. विषय संपला.

पहिले काही दिवस ते तिसऱ्या सेकंदाला बटण दाबून पुढे जात. हे मला गुरुवारी दिसलं. मी खिडकीबाहेर बघत राहिलो, मला त्या बाईशी काही देणंघेणं नसल्यासारखा. मग एक बिल्डर गाडीत असताना त्यांना गाणं बंद करता आलं नाही, कारण ते लिफ्टच्या दारांबद्दल बोलत होते आणि दारांबद्दल बोलताना त्यांना दोन्ही हात लागतात. बिल्डरने म्हणे विचारलं, “हे कोण गातंय हो?” यांनी उत्तर दिलं, “रेअर रेकॉर्डिंग आहे. माझ्या खास कलेक्शनमधलं.” हे त्यांनी घरी मोठ्या ऐटीत सांगितलं. मुलगी उठून पाणी प्यायला गेली. जग असं आहे ते!

त्या दिवसापासून बटण दाबणं थांबलं. पण न दाबणं म्हणजे आवडणं नव्हे. पंचवीस तारीख उजाडली तरी पत्राचा कागद कोराच होता. ताईकडे पत्र जायला तीन दिवस लागतात.

पंचवीसला रविवार होता. जावई अंगणात गाडी पुसत होते. डेक बंद होता. मी खिडकीत वाचत होतो, म्हणजे पान उघडं ठेवून तीस तारखेची धास्ती घेत बसलो होतो. आणि ते गुणगुणायला लागले. आवाज त्यांचा म्हणजे लिफ्ट अडकल्यासारखा, पण गाणं आईचं. पहिलं कडवं झालं. काचेवरून फडकं फिरवत दुसरं सुरू केलं आणि नेमक्या त्या जागी ते खाली घसरले. तेवढेच. मग पुन्हा वर आले, जिथे ताई येते तिथे.

मी पुस्तक मिटलं. आई त्याच जागी घसरायची! दुसऱ्या कडव्यात शिवणीचं टोक यायचं, ती पाय थांबवून कापड फिरवायची आणि तिथे तिचा सूर खाली यायचा. कापड वळलं की पाय पुन्हा चालू आणि सूरही जागेवर. मी यंत्राखाली बसून चिंध्या वेचत हे शेकडो वेळा ऐकलं होतं, आणि दुकानात काउंटर धरून उभा राहिलो तेव्हा मला ते आठवलं नव्हतं. माझीही पिवळी वायर कधीची सुटलेली असावी.

मी बाहेर गेलो. “जावईबापू, हे गाणं कसं आहे हो?”

“कुठलं?”

“आत्ता म्हणत होतात ते.”

“मी?” त्यांनी फडकं पिळलं. “बरं आहे. जरा जुनाट. पहिलंच लागतं रोज, काय करणार? सिस्टीमच तशी आहे.” मग दार पुसत म्हणाले, “आत्याबाईंकडे अजून आहेत का अशी?”

मी आत जाऊन लिहायला बसलो. पाचवा मसुदा केला नाही.

‘ताई, उशीर झाला, त्याचं कारण तू समजतेस ते नाही. मी तुझी गाणी ऐकलीच नव्हती. भित्रेपणा, दुसरं काही नाही. आता ऐकली. तिसरं गाणं तू म्हणू नकोस, तुझा श्वास पुरत नाही. दुसरं ठीक आहे. आईच्या गाण्यात दुसऱ्या कडव्यात तू सूर सोडतेस. आई कापड फिरवायची तिथेच. तुझ्यापुढे यंत्र नाही, तरी सोडतेस. ते दुरुस्त करू नकोस. एक माणूस इथे ते घसरण्यासकट शिकला आहे, आणि तो मुळीच प्रेमळ नाही. नाव दे. तीस तारखेच्या आत दे.’

सोमवारी सकाळी जावई ऑफिसला जाताना मी गाडीत बसलो. कोपऱ्यावर पोस्टाची पेटी आहे. त्यांनी गाडी थांबवून किल्ली काढली. पेट्रोल वाचवायला ते नेहमी काढतात. पिवळ्या वायरीबद्दल मी त्यांना सांगितलेलं नव्हतं. ते सांगायचा विचार आहे, पण घाई नाही.

ताईच्या जुन्या पाकिटावर, पहिल्या तारखेखाली, मी पेन्सिलने सव्वीस तारीख लिहिली. उतरलो. नवं पाकीट पेटीच्या तोंडात सरकवलं, आत पडल्याचा आवाज येईपर्यंत थांबलो आणि परत येऊन पट्टा लावला.

जावयांनी किल्ली फिरवली. बारा वाजले आणि ताई पहिल्यापासून गायला लागली.