कंपनीचा झुला

टीव्ही-फ्रिज बनवणाऱ्या कंपनीनं शहराच्या मधोमध पाच मजली मॉल उभा केला. कंपनीचं नाव दारावर, सरकत्या जिन्यांवर, इतकंच काय, बाथरूममधल्या हात वाळवायच्या यंत्रावरही होतं. मधल्या मोकळ्या जागेत माणसांना पाळण्यात बसवून चौथ्या मजल्यापर्यंत चढणारा झुला होता. मॉलची मॅनेजर ताई, आणि झुला चालवणारी, दुरुस्त करणारी तिची धाकटी बहीण. ही नोकरी ताईनंच लावून दिली होती, आणि तसं ती आठवड्यातून दोनदा तरी ऐकवायची.

पहिलं वर्ष गर्दी आवरता आवरेना. मग कंपनीचा माल खपेनासा झाला. थिएटरला कुलूप लागलं, दुकानांच्या काचांवर पांढरे कागद चढले. झुल्याच्या ब्रेकसाठी धाकटीनं चार अर्ज दिले. ताईचं उत्तर एकच, "बघू."

अशात मॉल विकत घेऊ पाहणारे लोक यायचं ठरलं. ताईनं सफाईवाल्यांना आणि पहारेकऱ्यांना हुकूम सोडला : घरची माणसं नटवून आणा, झुल्यात बसवा. मॉल भरलेला दिसला पाहिजे.

दुपारी पाहुणे आत शिरले, तेव्हा धाकटी बटणांच्या पेटीला कुलूप लावून उभी होती.

"उघड ते."

"ब्रेक उशिरा लागतोय, ताई. मी माणसं बसवणार नाही."

"कायम माझ्या वाईटावर टपलेली! काही होत नाही त्याला."

"एवढी खात्री आहे ना? मग तू बस."

झुल्यासाठी रांगेत उभ्या केलेल्या बायका दोघींकडे वळून बघू लागल्या. पाहुणे जवळ आले होते. ताईनं त्यांच्याकडे बघून हसू आणलं, पाळण्यात बसून पट्टा लावला आणि दातओठ खात म्हणाली, "कर चालू."

धाकटीनं कुलूप काढलं आणि झुला चालू केला.

पाळणा वर थांबायला हवा होता. तो तसाच पुढे जाऊन अडसरावर आदळला आणि वीज गेली. ताई चौथ्या मजल्याच्या उंचीवर लटकली. तिची एक चप्पल खाली पाहुण्यांच्या पायाशी येऊन पडली.

धाकटी धावत यंत्राच्या खोलीत गेली. हातानं चाक फिरवून पाळणा इंच इंच खाली आणायला चाळीस मिनिटं लागली. तळहात सोलवटले. वरून ताई ओरडत होती, "मुद्दाम केलंस तू! सगळ्यांसमोर!"

धाकटी चाक फिरवत राहिली. बटण दाबताना तिच्या मनात काळजी नव्हतीच, नुसता संताप होता.

पाहुणे कधीच निघून गेले होते. चौकशीत ताईनं बहिणीवर घातपाताचा आळ घेतला, धाकटीनं अर्जांच्या प्रती पुढे टाकल्या. कंपनीनं दोघींनाही घरी बसवलं. तीन महिन्यांनी क्रेन लावून कंपनीचं नाव उतरवलं. आता तिथे कुणाचंतरी गोदाम आहे.

ताई सोमवारी आईकडे जाते, धाकटी गुरुवारी. वार ताईनंच ठरवून दिलेत.