एकशे शहाण्णवची पट्टी

आमच्या घरात एकच मोठं टेबल आहे, आणि त्यावरून आम्हा नवराबायकोत जेवढी भांडणं झाली तेवढी सासर-माहेरावरूनही झाली नाहीत. टेबल मुळात माझं. मी शिवणकाम करते. शाळेचे गणवेश, पडदे, कोट, जे येईल ते. कापड अंथरून बेतायला लांब टेबल लागतंच. पण स्वतःचं दुकान बंद केल्यावर आमच्या ह्यांनी त्याची खिडकीकडची बाजू बळकावली आणि तिथे आकडे मांडून बसायला लागले.

हे घड्याळजी. जन्मभर डोळ्याला भिंग लावून दुसऱ्यांची घड्याळं दुरुस्त केली. मग हात थरथरायला लागला. चहाच्या कपाला ते चालतं, घड्याळाच्या चाकांना चालत नाही. कुणी तक्रार करायच्या आत त्यांनी आपणहून दुकानाला कुलूप लावलं आणि त्यानंतर घरात पाहुण्यासारखे वावरायला लागले. उठायचे, बसायचे, माझ्या मशीनला तेल घालायचे. रोज तेल. एका पांढऱ्या गणवेशावर डाग पडला तेव्हा मशीनला हात लावायचा नाही असं मी बजावलं, आणि मग तर त्यांच्याकडे काहीच उरलं नाही. भिंतीकडे बघत बसलेला तो माणूस मला बघवत नव्हता. मी मनातून फार घाबरले होते.

त्यातून त्यांना बाहेर काढलं ते आकड्यांनी. कुठल्याशा जुन्या मासिकाच्या शेवटच्या पानावर त्यांनी एक गंमत वाचली. कुठलीही संख्या घ्यायची, उलटी लिहायची आणि दोन्हींची बेरीज करायची. आलेली बेरीज पुन्हा उलटी करून तिच्यात मिळवायची. असं करत गेलं की केव्हातरी अशी संख्या येते, जी डावीकडून वाचा की उजवीकडून, सारखीच. सत्तावन्न घ्या. उलटे पंच्याहत्तर. बेरीज एकशे बत्तीस. त्यात दोनशे एकतीस मिळवले की तीनशे त्रेसष्ट. झालं काम.

झालं म्हणजे त्यांचं झालं, माझं नाही. मला दर वेळी मशीन थांबवून बघायला यावं लागायचं. एकोणनव्वदने त्यांना दोन दुपारी रडवलं आणि शेवटी ८८१३२०००२३१८८ ही संख्या हाती दिली, तेव्हा ती मला दोन्ही बाजूंनी मोठ्याने वाचायला लावली होती. समोरचा औषधवाला, गिऱ्हाइकं, वीजमीटर बघायला आलेला माणूस, कुणाची सुटका नव्हती. माणूस दारात उभा राहिला की हे त्याच्या घराचा नंबर विचारायचे आणि तिथल्या तिथे उलटा करून द्यायचे. मी वैतागायचे, पण खोटं कशाला बोलू, घरात पुन्हा माणूस आल्यासारखं वाटत होतं.

आणि मग एकशे शहाण्णव आला. हा काही केल्या सारखा होईना. आठवडे गेले, महिने गेले, संख्या लांबत चालली. वहीच्या पानात मावेनाशी झाली तेव्हा ह्यांनी माझ्या कटिंगच्या खाकी कागदाच्या पट्ट्या कापून घेतल्या, त्यांवर चौकटी आखल्या आणि एका चौकटीत एक अंक लिहायला लागले. दोनेक वर्षांत पट्टी माझ्या टेपपेक्षा लांब झाली. हात थरथरायचा, पण चौकट मोठी होती. अंक वेडावाकडा आला तरी चौकटीत यायचा.

घडी घालायची युक्ती मात्र माझी. एकदा मी सहज बघत उभी होते. एकशे शहाण्णव आणि उलटे सहाशे एक्क्याण्णव. उभ्या बेरजा सात, अठरा, सात. मी म्हटलं, दोन्ही टोकांना सातच येणार, तेच दोन अंक जागा बदलून मिळवताय, मग दोनदा कशाला करता? आम्ही झग्याचा पुढचा भाग बेततो तेव्हा अर्धाच आखतो आणि घडीवर कापतो. उलगडला की दोन्ही बाजू सारख्या. ह्यांनी माझ्याकडे असं काही बघितलं की लग्नातही बघितलं नव्हतं. तेव्हापासून पद्धत ठरली. उजव्या अर्ध्या भागाच्या बेरजा पेन्सिलीने करायच्या, पट्टीची मधोमध घडी घालायची, समोरासमोर आलेल्या डाव्या चौकटींत त्याच बेरजा पेन्सिलीने उतरवायच्या, आणि मग पट्टी उलगडून उजव्या टोकापासून हातचे घेत घेत शाईने खरी संख्या लिहायची. सात, अठरा, सातमधल्या अठराचा हातचा डावीकडे जातो आणि आठशे सत्त्याऐंशी होतात. सगळा सारखेपणा मोडतो तो हा हातचा. हे त्याला घरभेदी म्हणायचे.

एका सोमवारी मी पडद्यांना हूक लावत होते. मागून आवाज आला, "अगं, इकडे ये." आवाज इतका हळू होता की मला वाटलं छातीत दुखतंय. धावत गेले तर हे पट्टीकडे बोट दाखवत उभे. मी डावीकडून वाचली, उजवीकडून वाचली. सारखी. टोकापासून टोकापर्यंत सारखी. ह्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि माझ्याही आलं. संध्याकाळपर्यंत औषधवाल्याला कळलं, म्हणजे गल्लीला कळलं. पट्टी टेबलाच्या वरच्या भिंतीवर टाचण्यांनी लावली गेली. मी एखाद्या मुलीच्या खांद्याचं माप घ्यायचे आणि ती तोंडाने आकडे पुटपुटत असायची. पुढच्या आठवड्यातल्या रविवारी ह्यांचे जुने दोस्त येणार होते, औषधवाला हार आणणार होता.

दोन दिवस उत्सव चालला. तिसऱ्या दिवशी हे जेवून उठले, खिडकीपाशी गेले आणि तिथेच उभे राहिले. मी म्हटलं, दुसरा आकडा घ्या की. घेतला, दोन ओळींत सारखा झाला, पेन्सिल ठेवून दिली. पुढच्या दिवशी डब्यांची झाकणं बदलून ठेवली, मला साखरेच्या जागी मीठ मिळालं. त्याच्या पुढच्या दिवशी दुपारी मी वर बघितलं, तर हे तेलाची बाटली हातात घेऊन भिंतीकडे बघत बसले होते. आता कुठला आकडा आणू मी ह्यांच्यासाठी?

त्यातच मुलीचा फोन आला. ती दुसऱ्या गावी कॉलेजात शिकवते. बाबा जवळ नाहीत ना, असं आधी विचारून घेतलं आणि मग म्हणाली, एकशे शहाण्णव हा नावाजलेला आकडा आहे. लोकांनी त्याच्यामागे कॉम्प्युटर लावलेत, कोट्यवधी अंकांची संख्या होईपर्यंत बेरजा करून झाल्यात, सारखी संख्या कुणालाही मिळालेली नाही. मिळणारच नाही असंही अजून कुणी सिद्ध केलेलं नाही. बाबांना मिळाली म्हणजे बहुतेक बेरजेत चूक आहे. तिला ते स्वतः सांगवत नव्हतं. तू बघ, असं म्हणून तिने ते माझ्या गळ्यात घातलं.

मला बेरजा कसल्या तपासता येणार? पण हे दाढी करायला गेले तेव्हा मी पट्टीसमोर उभी राहिले आणि कापडाचा जोड बघावा तशी बघत गेले. उजव्या भागात शाईच्या अंकांवर पेन्सिलीचे अंक होते, तेरा, नऊ, अकरा, नेहमीसारखे. घडीच्या रेघेपाशी आले आणि पुढे पेन्सिल नव्हतीच. डावा सगळा भाग कोरा, नुसती शाई. मी जुन्या पट्ट्या काढून बघितल्या. एकीवरही असं नव्हतं.

मग ही पट्टी लिहिली त्या दिवसाची आठवण झाली. उजवा भाग पेन्सिलीने भरून झाला होता आणि पंखा दुरुस्त करणारा आला. हे त्याच्यासाठी स्टूल धरायला उठले. परत आल्यावर घडी घालायच्या आधीच शाईचं पेन उचललं असणार, अर्ध्याच भागात हातचे घेतले असणार, आणि तयार झालेला शाईचा भाग घडीवर डावीकडे उतरवला असणार. तसं केलं तर कुठलीही संख्या दोन्हीकडून सारखीच येणार. भिंतीवर लावण्याआधी ह्यांनी पट्टी एकदा तपासली होती, तेव्हाही सवयीने अर्धाच भाग बघितला असणार, आणि तो अर्धा बरोबर होता.

तो त्याच्या पुढचा सोमवार होता. मी पट्टी होती तशीच राहू दिली आणि गप्प बसले. सगळ्या गल्लीत नाव झालं होतं. रविवारी हार यायचा होता. भर माणसांत नसलं तरी माझ्या तोंडून त्यांना खोटं पाडायचं, हे मला जमेना. घड्याळ एक सेकंद मागे पडलं तरी रात्रभर तळमळणारा हा माणूस. मंगळवारी सांगेन म्हटलं, बुधवारी म्हटलं. ते तेलाची बाटली घेऊन बसायचे आणि मी दुसरीकडे बघायचे.

शनिवारी सकाळी हे म्हणाले, "उद्या मंडळी येऊन गेली की पट्टी काढून ठेवू. भिंत मोकळी होईल." तो 'मोकळी' शब्द त्यांनी ज्या आवाजात उच्चारला तो ऐकून माझा धीर सुटला. मी कात्री खाली ठेवली आणि म्हटलं, "अहो, डाव्या बाजूला पेन्सिल कुठाय?"

त्यांनी टाचण्या काढल्या, पट्टी खाली घेतली, कपाटातून जुनं भिंग काढून डोळ्याला लावलं आणि घडीपासून टोकापर्यंत गेले. कान लाल झाले होते. मी घाईघाईने बोलत सुटले. भिंतीला रंग द्यायचाय म्हणून पट्टी काढली असं सांगू, कुणाला कळायचं कारण नाही, उद्याचं जेवण काय, नुसतंच जेवण. मग मुलीने फोनवर सांगितलेलंही सगळं सांगून टाकलं, कॉम्प्युटरसकट. एकदाच काय ते दुखू दे, असं मला वाटलं.

त्यांनी भिंग काढलं. "त्या कॉम्प्युटरांना मिळाली सारखी संख्या?"

"नाही."

"आणि मिळणार नाही असं ठरलंय?"

"तेही नाही म्हणे."

ते खुर्चीत बसले. आदल्या पट्टीची गुंडाळी शोधली, उलगडली, नवा कागद ओढून त्यावर चौकटी आखायला लागले. दोस्तांना मीच सांगतो म्हणाले, हार आणलाच तर तुझ्या गळ्यात घालू, चूक पकडलीस तू. रेघ वाकडी जात होती तरी मोजपट्टी घट्ट धरली होती. मध्येच थांबून त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"तुला कधी कळलं हे?"

"सोमवारी."

"सोमवारी कळलं, आणि आज सांगतेस? इतके दिवस मला नुसतं बसवून ठेवलंस?"

आणि खरंच रागावले. दुपारपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत, मान खाली घालून बेरजा करत राहिले. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांचा राग मला एवढा गोड कधी लागला नव्हता.