निम्मं तळं

"नख फिरव," फकीर मोहम्मद म्हणाला. "डोळ्यानं पाहू नको. नख फिरव."

दयारामनं अंगठ्याचं नख चेनीच्या कडीवरून फिरवलं. पोकलेननं आपली बकेट जमिनीत रोवून स्वतःचं डावं अंग वर उचललं होतं. खाली लाकडाचे जाड ठोकळे लावले होते आणि मोकळी झालेली डावी चेन हवेत लोंबत होती.

"लागलं का नखाले?"

"मातीची रेघ हाये चाचा."

"माती मी डिझेलनं पुसली."

"मंग गंज असन." दयाराम उठला आणि पँटीला हात पुसू लागला. सात वर्षांपासून तो हेच मशीन चालवत होता. "मले तं काईच लागलं नाई."

फकीर मोहम्मदनं पुन्हा वाकून पाहिलं. केसाएवढी रेघ होती. पिनेच्या भोकापासून निघून तिरपी खाली गेलेली. मान जरा कलती केली की दिसेनाशी व्हायची, सरळ केली की पुन्हा हजर. त्यानं खिशातला खडू काढून त्या कडीवर फुली मारली.

एकतीस वर्षं तो मशिनींच्या पोटाखाली राबत होता. पोकलेन आली की लोक तिचा लांब हात बघतात, बकेट बघतात. खालच्या चेनी, रोलर, दातेरी चाकं यांच्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही. फकीर मोहम्मद आधी तिथंच बसायचा. फावड्यानं माती खरवडून काढायची, रोलरमधून तेल झिरपतंय का बघायचं, बोल्ट हातोडीनं ठोकून आवाज ऐकायचा, चेन किती लोंबते ते वितीनं मोजायचं. वरवट बकाल गावची काळी माती चेनीत बसली की वाळून दगड होते आणि चेन आपोआप ताणली जाते. म्हणून इकडं चेन थोडी सैलच ठेवावी लागते, हे तो प्रत्येक ऑपरेटरला सांगत आला होता. आज सकाळी ठोकता ठोकता एका कडीचा आवाज त्याला बद्द लागला, म्हणून तो वाकला होता.

एवढ्यात बांधावरून झुंबरबाई आली. साठीची, काटक बाई. शेत तिचं, चार एकर. गाव खारपाणपट्ट्यातलं, विहिरीचं पाणी जनावरसुद्धा तोंडात धरत नाही. पावसाचं पाणी साठवलं तरच पराटीला, म्हणजे कपाशीला, पावसाच्या मधल्या खंडात एखादं पाणी देता येतं. दोन वर्षं वाट पाहून तिचा शेततळ्याचा नंबर लागला होता. तळं निम्मं खोल झालं होतं. आता मशीन उतारावरून खाली नेऊन उरलेली खोली काढायची होती. मृग चार दिवसांवर आला होता.

"मशीन काऊन उभी केली?" तिनं विचारलं.

"चाचाले कडीत चीर दिसू राह्यली," दयाराम म्हणाला.

"कुठी?"

फकीर मोहम्मदनं जागा दाखवली. ती खाली बसली, डोळे बारीक करून बराच वेळ पाहत राहिली. "मले तं नाई दिसत."

"बाई, मशीन खाली उतरली, वळली, की सारा जोर या कडीवर येते. कडी तुटली तं चेन उतरते. मंग वीस टनाचं धूड तुमच्या खड्ड्यात बसते. अन् पाऊस आला तं दिवाळीपर्यंत निघत नाई."

"नाई तुटली तं?"

फकीर मोहम्मदनं खडू खिशात टाकला. मग तो बोलून गेला, "मागच्या साली तुमची बोंडं बाहेरून कशी होती? हिरवीगार ना? बीटीले अळी लागत नाई म्हनत होते सारे. फोडल्यावर काय निघालं?"

झुंबरबाईचा चेहरा उतरला. गेल्या दिवाळीच्या सुमाराला सगळ्या शिवारात गुलाबी अळीनं बोंडं आतून पोखरली होती. तिनं तर वेचणी अर्धी टाकून उभी पराटी उपटली होती. ती उठली. "तुमच्या मनानं करा," म्हणाली आणि मागं न बघता निघून गेली.

बोललेलं बरोबर होतं की नव्हतं, हे फकीर मोहम्मदला तेव्हाही कळलं नाही. शेगावहून मशीनच्या मालकाचा, गुलाबरावांचा फोन आला. ते म्हणाले, "फकीरभाई, तुमचा शब्द. चालवू का नको?"

त्यानं कडीकडे पाहिलं. रेघ होती.

"नका चालवू."

दुपारी ट्रेलर आला आणि पोकलेन घेऊन शेगावला गेला.

दुसऱ्या दिवशी गुलाबरावांच्या आवारात कंपनीचा मेकॅनिक आला. फकीर मोहम्मद घरून पोचेपर्यंत मशीन जोराच्या पाण्यानं धुऊन लख्ख केलं होतं. मेकॅनिक चेन हळूहळू फिरवून एकेक कडी तपासत होता.

"कुठली कडी, चाचा?"

फकीर मोहम्मद फुली शोधू लागला. फुली नव्हती. पाण्यानं ती धुऊन गेली होती. त्यानं चेन एकदा पूर्ण फिरवून घेतली. नंतर आणखी एकदा. एका बाजूला पन्नासेक कड्या, सगळ्या सारख्या. एका कडीवर त्याला रेघ दिसली. "ही." मेकॅनिकनं लाल औषध फवारलं, पुसलं, वर पांढरं फवारलं. चीर असती तर पांढऱ्यावर लाल उमटलं असतं. पांढरं पांढरंच राहिलं.

"ओतकामाची खूण आहे ही. चीर नाही."

"मंग ही कडी ते नव्हे."

"मग कोणती?"

त्यानं आणखी एक दाखवली. तीही नव्हती. तिसऱ्या वेळी त्यानं बोट उचललं आणि तसंच खाली घेतलं. गुलाबरावांनी चहा मागवला आणि पहिला कप त्याच्याच हातात दिला. त्याला ते जास्त लागलं.

मशीन परत पाठवायचं ठरलं, तोच पाऊस आला. मृगाच्या दोन दिवस आधीच. काळ्या रानात ट्रेलर जाणं शक्य नव्हतं. तळं निम्मंच राहिलं.

घरी त्यानं बायकोला, अमीनाला विचारलं, "इस फर्शी में दरार दिखती क्या तेरे कू?"

"दिखती ना. बीस बरस से है."

त्याला बरं वाटलं. मग वाटलं, वीस वर्षांची ओळखीची चीर माणूस डोळ्यांनी बघतो की आठवणीनं? तो फरशीकडे बघत बसला. अमीनानं दोनदा जेवायला हाक मारली.

त्या पावसाळ्यात गुलाबरावांनी दोन्ही चेनी बदलून घेतल्या. मशीन चाललेले तासच तेवढे झाले होते, ते म्हणाले. जुन्या चेनी भंगारात गेल्या. आठ दिवसांनी फकीर मोहम्मद भंगारवाल्याच्या आवारात गेला. कड्या सुट्या करून ढीग घातला होता. तो उकिडवा बसला आणि फडक्यानं एकेक कडी पुसू लागला. प्रत्येकीवर पावसाचा गंज चढला होता, प्रत्येकीवर रेघा होत्या. एकीवर खात्री वाटे. बाजूला ठेवून दुसरी घेई, तर तीही तशीच. तासाभरानं बाजूला ठेवलेल्या कड्यांचाच ढीग मोठा झाला. भंगारवाल्यानं विचारलं, "काय शोधू राह्यले, चाचा?" त्यानं सगळ्या कड्या परत पहिल्या ढिगात लोटल्या आणि हात झटकले.

काम सुटलं नाही. फक्त तो मशीन तपासून गेला की गुलाबराव दुसऱ्या कुणाकडून पुन्हा बघून घ्यायचे. त्याच्या पाठीमागे, त्याला वाईट वाटू नये म्हणून. त्याला ते माहीत होतं. तो मात्र हल्ली दोनदा ठोकायचा, तीनदा ठोकायचा, आणि कुठलाच आवाज त्याला खात्रीचा वाटत नसे.

श्रावणात पाऊस दडी मारून बसला. बावीस दिवस टिपूस नाही. एका सकाळी फकीर मोहम्मद एसटीत बसला आणि वरवट बकालला उतरला. माफी मागायला आलो की काही विचारायला, हे रस्ताभर त्याचं ठरलं नव्हतं.

शेतात डिझेलचा पंप चालू होता. तळ्यात छातीभर पाणी होतं. झुंबरबाई काठावर होती. तिची सून वंदना दूर पराटीच्या तासांतून, म्हणजे ओळींमधल्या सऱ्यांतून, पाणी फिरवत होती. तळ्याकडची दोन एकर पराटी हिरवी होती. पलीकडची दोन एकर माना टाकून उभी होती आणि तिचं कळ्यांचं पातं जमिनीवर गळून पडलं होतं.

"मिस्त्री ना तुम्ही?" झुंबरबाईनं ओळखलं. "काऊन आले?"

"असाच. तळं पाहाले."

"पाहा मंग. एवढंच हाये."

तो काठाशी आला. "बाई, त्या दिवशी मले रेघ दिसली होती. मी खोटं नाई बोललो. पन ते चीर होती का नव्हती, मले अजून समजलं नाई. अन् त्या अळीचं मी बोलाले नाई पाह्यजे होतं."

झुंबरबाईनं पदरानं तोंडावरचा घाम पुसला. "म्याबी लय डोस्कं चालवलं," ती म्हणाली. "तळं पुरं झालं असतं तं चारी एकर भिजली असती. अन् मशीन खाली मोडून बसली असती तं एवढंबी पानी नसतं. पावसाळाभर लोखंड पाहात बसलो असतो. यातलं कोनतं झालं असतं? सांगा तुम्ही."

"मले नाई सांगता येत."

"मंग मी तुमाले काय बोलू?"

तिच्या आवाजात राग होता की नव्हता, हे त्याला उमगलं नाही. इतक्यात पंपाचा आवाज बदलला. पंप खोकल्यासारखा करू लागला आणि पाइपातून गढूळ पाणी यायला लागलं.

"गाळ ओढू राह्यला," असं म्हणत झुंबरबाईनं लुगडं खोचलं. "पाइपाच्या तोंडाचा फूटवॉल खाली बसला. वर धरा लागते कोनी तरी."

"थांबा बाई."

फकीर मोहम्मदनं चपला काढल्या, टोपी आणि मोबाइल बांधावर ठेवला आणि अंगावरच्या कपड्यांनिशी तळ्यात उतरला. पाय गाळात रुतले. पाणी छातीला लागलं. पाण्याखाली चाचपून त्यानं पाइपाचं जड तोंड शोधलं, दोन्ही हातांनी उचललं आणि गाळापासून हातभर वर धरलं. पंप पुन्हा एकसुरात चालू लागला.

झुंबरबाईनं एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि खांद्यावर फावडं टाकून तासांकडे निघून गेली.

तो हलला नाही. खांदे भरून आले, तशी त्यानं पाइप पोटाशी धरला. ऊन डोक्यावर आलं आणि पाठीवर गेलं. पाणी छातीवरून कमरेला आलं, कमरेवरून मांड्यांना. वरचा सदरा अंगावरच वाळला.

"मिस्त्री," पराटीतून झुंबरबाईनं हाक दिली. "दोन तासं राह्यली भिजाची. होईन का?"

पाणी त्याच्या गुडघ्यापर्यंत आलं होतं. त्यानं वाकून पाइपाचं तोंड पाण्याखाली नेलं.

"हाव," तो म्हणाला. "फिरवा."