अकरा दिवसांची हवा

म्हाताऱ्याने पाकिटातले फोटो दुर्बिणींच्या दुकानातल्या काउंटरवर पत्ते मांडावेत तसे मांडले. नऊ फोटो, नऊही शनीचे. त्यातले आठ ओल्या बोटाने पुसल्यासारखे.

"हात हलला असेल," त्याची मुलगी म्हणाली.

"दुर्बीण लोखंडी खांबावर बसवलीये, हात कशाला हलेल?" तो फणकारला. "चाळीस वर्षं याच हातांनी पाव भट्टीत सरकवले. एक वाकडा गेला नाही."

"गेले की. ते आपण घरी खायचो."

दुर्बिणीवाला गालात हसला. म्हाताऱ्याने फळीवरच्या लांब, जाड नळीच्या दुर्बिणीकडे बोट दाखवलं. शनीच्या कड्यांमधली काळी फट आपल्या फोटोत उतरलेली बघायची, हा त्याचा सहा वर्षांचा ध्यास. भट्टी लेकीच्या हाती देऊन तो गच्चीवर चढला तो त्यासाठीच.

"काका, फोकल लेंथ जेवढी लांब, तेवढा शनी मोठा. पण हवेची थरथरही तेवढीच मोठी होते. तुमच्याकडे हवा नुसती उकळतेय."

"शहराचं आभाळच तसलं."

"मग हा?" त्याने नववा फोटो उचलला. त्यात कडं सुरीने कापल्यासारखं स्वच्छ होतं. "आभाळ तेच, दुर्बीण तीच. गच्चीखाली काय आहे तुमच्या?"

बापलेकीने एकमेकांकडे पाहिलं. मुलीला हसू आवरेना.

"भट्टी! बाबा, आपलं धुराडं! काखेत कळसा न् गावाला वळसा!"

म्हातारा ओशाळला. धगीवर नुसता तळवा धरून भट्टीचा अंदाज सांगणारा माणूस तो. तीच धग आपल्या डोक्यावरून वर जाते, हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

"मग सोपंय," मुलगी म्हणाली. "आठवड्यातून दोन दिवस भट्टी थंड ठेवू. घ्या मोठीच. माझ्याही पाठीला तेवढाच आराम."

ती मनापासून बोलत होती. बोलता बोलता तिने तो स्वच्छ फोटो उलटा केला. मागे पेन्सिलीने, बापाच्या जाडजूड अक्षरात, तारीख होती. ती वाचून तिचं हसू थांबलं.

तिच्या आठवणीत भट्टी एकदाच विझली होती, अकरा दिवस. ते अकराही दिवस ती इस्पितळात होती, आणि त्यातले पहिले पाच तिला आठवतच नव्हते. तारीख तिसऱ्या दिवसाची होती.

"त्या वेळी तुम्ही गच्चीवर होतात?"

"रात्री थांबू देत नव्हते तुझ्यापाशी." तो एकेक फोटो पाकिटात सारू लागला. "घरी आलं की खाली सगळं गार. बसवेना. मग वर जायचो."

दुर्बिणीवाल्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. तो आपल्याच नादात होता.

"तशी हवा मिळाली ना काका, तर या मोठीतून फट शंभर टक्के दिसेल!"

"तशी हवा नको," म्हातारा म्हणाला. मग शेजारच्या बुटक्या दुर्बिणीवर हात ठेवून त्याने विचारलं, "ही काय दाखवते?"

"ही थरथर बरीच पोटात घालते. अख्खा चंद्र, तारकांचे झुबके, सगळं छान. शनी मात्र वाटाण्याएवढा. फट विसरा."

"वाटाणा तर वाटाणा. बांधा."

"बाबा, अहो दोनच दिवस तर..."

"चल लवकर," तो घड्याळाकडे बघत म्हणाला. "पीठ वर आलं असेल."