पोटाखालची चार बोटं

जरा वाका. अजून थोडं. लाजू नका, माझ्यापुढे भलेभले पालथे पडलेत. हां, आता दिसले ना? बोलतेय ती मीच. बेलापूरच्या ज्ञानेश्वर तात्यांची करडी गाडी, वय वर्षं चौदा. सध्या मुक्काम श्रीरामपुरात, गॅरेजमागच्या कडुलिंबाखाली.

जन्मले तेव्हा मी अशी नव्हते. पोटाखाली चांगली वीतभर जागा होती. कोंबडी पिलांसकट आरपार जायची. माझे पहिले मालक डॉक्टर. त्यांनी माझ्या सीटांवरचं प्लास्टिक नऊ वर्षं काढलं नाही. उन्हाळ्यात पेशंटपेक्षा तेच जास्त घामेजलेले असत. मग मी तात्यांकडे आले. तात्यांनी पहिल्याच दिवशी प्लास्टिक फाडलं आणि मागच्या सीटवर पेंडीची पोती टाकली. दुधाच्या किटल्या, लग्नातल्या आत्या, एकदा तर आजारी वासरूसुद्धा मी वाहिलं. खिडकीतून तोंड काढून ते असं बघत होतं की चौकातल्या पोलिसानं त्याला हात केला.

मग तात्यांच्या हर्षलला लायसन मिळालं आणि माझे दिवस फिरले.

त्यानं मोबाईलवर जमिनीला चिकटलेल्या गाड्या पाहिल्या. पोराला झोप लागेना. एक दिवस तात्या बैलबाजाराला गेले आणि यानं मला गॅरेजात नेऊन माझ्या चारही स्प्रिंगा कापल्या. दीड-दीड वेढा! कापलेले तुकडे घरी नेऊन कपाटात ठेवले, जसे काही लेकराचे पहिले दात.

तेव्हापासून माझ्यात आणि जमिनीत चार बोटं उरली. तीही हर्षलची. तात्यांची मोजली तर तीनच.

लोकांना गंमत वाटायची. मला 'बसकी' म्हणायचे. रस्त्यात पडलेलं नाणं छापा आहे की काटा, ते मी पोटानं सांगत असे. एकदा वर्तमानपत्रावरून गेले, तर आतल्या पानावरच्या निधनवार्ताही वाचून झाल्या. मुंग्या माझ्याखालून जाताना वाकायच्या. खोटं वाटत असेल तर मुंग्यांना विचारा.

पण खरं सांगू? तेव्हापासून मी भीतीत जगले. बेलापूर ते शिर्डी एकतीस गतिरोधक आहेत. निम्मे सरकारी, निम्मे लोकांनी आपापल्या दारापुढे हौसेनं घातलेले. प्रत्येकावर हर्षल मला तिरकी करायचा, एकेक चाक चढवायचा, आणि मी पोट आत ओढून धरायची. मागचे टेम्पोवाले ओरडायचे, "उचलून घे की रं तिला कडंवर!"

गेल्या श्रावणात वेशीबाहेर एका दगडानं माझं चेंबर फोडलं. चेंबर म्हणजे पोटाखालची तेलाची थाळी. ती फुटली की इंजिनाचं सगळं तेल रस्त्यावर. माझ्या तेलाचा ओघळ पार मारुतीच्या पारापर्यंत गेला. तात्या तिथं उभे होते. ओरडले नाहीत. तात्या ओरडले असते तर बरं झालं असतं. ते शांतपणे म्हणाले,

"हर्षल, पुन्यांदा हिच्या पोटातून तेलाचा येक थेंब पडला, तर तिथूनच भंगारात. घरी आनायची न्हाई."

तात्या एकच गोष्ट दोनदा सांगत नाहीत.

भंगाराचं आवार मी पाहिलंय. रस्त्याकडेलाच आहे. तिथं माझ्याच रंगाची, माझ्याच वळणाची एक गाडी पडलीय. दोन्ही दिवे उपटलेले, तोंड काढलेलं, आणि जिथं इंजिन होतं तिथं एक कोंबडी अंड्यांवर बसलेली. तिथून जाताना मी भरदिवसा दिवे मिटून घ्यायची.

आता त्या दिवसाचं ऐका.

पौष सरत आला होता. हर्षलच्या मामांना शिर्डीला सोडून आम्ही परत येत होतो. बाभळेश्वर मागं पडलं, दोन्ही बाजूंना ऊस लागला. एकविसाव्या गतिरोधकावर हर्षलनं मला तिरकी केली, क्लच दाबून इतका रेटा दिला की माझ्या आतून जळक्या रबराचा वास सुटला. गतिरोधक ओलांडला कसाबसा, आणि पुढं माझी चाकं फिरेनात. क्लचप्लेट जळाली होती. हर्षलनं ढकलत ढकलत मला कडेला घेतलं. कडेला म्हणजे निम्मी साइडपट्टीवर, निम्मी डांबरावर. पूर्ण खाली उतरवायला डांबराची कड उंच आणि माझं पोट तेवढं नीच.

कारखाना जोरात चालू होता. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, गाणी लावलेले, अंगावर यायचे. प्रत्येक ट्रॉली गेली की मी डुलायची. एकदा वरून एक ऊस सुटला आणि थेट माझ्या टपावर आपटला. मी म्हटलं, झालं, आता अख्खी ट्रॉलीच येतेय.

हर्षलनं वैजनाथभाऊंना फोन लावला. बंद पडलेल्या गाड्या ओढून नेणारा आमच्या भागातला भला माणूस. अडचण एवढीच, की तात्यांची आणि त्यांची रोज सकाळी दूध डेअरीच्या बाकावर बैठक.

"गाडी कोन्ती?" पलीकडून आवाज आला.

"साधीच हाय. करडी," हर्षल आवाज जाड करून म्हणाला.

"खाली केल्याली-बिल्याली न्हाई ना? तशी आसंल तर आधीच सांग. तिला येगळी गाडी आनावी लागती."

हर्षलनं माझ्याकडं पाहिलं. खरं सांगितलं तर बसकी कुणाची हे कळणार, आणि तात्यांना बातमी पोचणार.

"छ्या! उंच हाय चांगली."

"नाव?"

"ओम."

माझ्या अंगावर काटा आला. म्हणजे पत्र्यावर येतो तेवढा.

अर्ध्या तासानं क्रेन आली. मागं लोंबणारा लोखंडी आकडा, मनगटाएवढा जाड. वैजनाथभाऊंनी क्रेन उलटी घेत आणली, आकडा खाली सोडला आणि माझ्या तोंडाखाली सरकवला. इतर गाड्यांखाली तो सहज जात असेल. माझ्याखाली जागाच नव्हती. कडकन आवाज झाला आणि माझा बंपर मधोमध तडकला. आकडा अजून हातभर आत आला असता, तर थेट चेंबर.

वैजनाथभाऊ खाली उतरले. वाकले. अजून वाकले. मग रस्त्यावर मांडी घालून बसले आणि हर्षलकडं वर पाहिलं.

"नाव काय म्हनला तुजं?"

"ओम."

"तू जर ओम, तर मी तुजी आत्या. ज्ञानेश्वर तात्याचा हर्षल ना तू? आरं, ही बसकी तीन तालुक्यांत येकच हाय! आकडा लावून उचलली आसती म्हंजी? पोटातलं सगळं रस्त्यावर आलं आसतं. येका शब्दानं सांगायला तुजी जीभ झडली व्हती का?"

"भाऊ, तात्यांना नका सांगू."

वैजनाथभाऊंनी खिशातून मोबाईल काढला. बोलले, ठेवला. "सांगितलं. निघालाय."

म्हणजे आता माझं पोट सांभाळायचं ते तात्या यायच्या आत. आणि तात्या आल्यावरही.

भाऊंनी श्रीरामपूरहून दुसरी गाडी मागवली. सपाट पाठीची, पाठ मागं सरकवून जमिनीला टेकवणारी. तिच्यावर गाडी तारेनं ओढून घेतात, आकडा लागत नाही. ती आली तेव्हा मला वाटलं, सुटले. पण तिनं पाठ टेकवली आणि मी समोर चढण पाहिली. बापरे! भिंतच ती. माझी चाकं चढायच्या आधी माझी हनुवटी आपटणार, आणि त्यातून चढलेच, तर वरच्या काठावर पोट टेकून चेंबर सुरीनं कापल्यासारखं कापलं जाणार.

भाऊंनी डोकं खाजवलं. "लांब फळ्या पायजेत. चढन हळूहळू व्हाया पायजे. आता हितं फळ्या कुठल्या?"

तेव्हा शेजारच्या उसाच्या फडातून कुणीतरी हसलं.

ऊसतोडीची टोळी होती, पाथर्डीकडची. सहादेव आणि त्याची बायको भागूबाई बांधावर पाणी प्यायला बसले होते. आमचा सगळा तमाशा त्यांनी पहिल्यापासून पाहिला होता.

"भाऊ," भागूबाई म्हणाली, "आमी दिसभर डोक्यावर मोळी घेऊन फळीवरनं ट्रकात चढतो. उभ्या फळीवरनं. ह्या लेकराची गाडी रिकामी आसून चढंना व्हय?"

"हिला पोट हाय ना, मावशी," हर्षल केविलवाणं म्हणाला.

"आन् मला काय न्हाई का?"

सहादेव तोवर उठला होता. फडाच्या तोंडाशी दोन ट्रक भरायला लागले होते. त्यांच्या दोन लांब फळ्या त्यानं आणि भाऊंनी ओढत आणल्या. चाकांच्या रेषेत मांडल्या. फळ्या मधे लवतील म्हणून खाली उसाच्या मोळ्या रचल्या, पुढं एक, मग दोन, मग तीन, अशी चढती ओळ. भागूबाई लांबून पाहत होती. म्हणाली, "आन् त्यो वरचा काठ? तितं पोट घासंल की तिचं." आणि तिनं स्वतः एक मोळी उचलून काठावर आडवी टाकली, वर वाढ्यांचा हिरवा भारा पसरला. वाढे म्हणजे उसाचे शेंडे, गुरांचा चारा. तिनं विकायला बांधून ठेवला होता तो भारा. बाळंतिणीला गादी घालावी तसा घातला.

तार माझ्या पुढच्या कडीला लागली. यंत्र घुमू लागलं. हर्षल इस्त्रीच्या शर्टासकट फळ्यांच्या बाजूला डांबरावर पालथा पडला आणि माझ्या पोटाखाली पाहू लागला.

"किती हाय?" भाऊ ओरडले.

"चार बोटं!"

फळी करकरली. खालच्या मोळीतले ऊस तडतडले. मी जन्मात इतकी थरथरले नव्हते. आरशातली सगळी दुनिया हलत होती.

"तीन!"

माझी पुढची चाकं काठावर चढली. आता मधलं पोट. मला त्या आवारातली कोंबडी दिसू लागली.

"दोन! भाऊ, हळू! दोन!"

तार तणाणली. ट्रकवाल्यांनी गाणंसुद्धा बंद केलं.

"येक," हर्षल म्हणाला. ओरडला नाही. "येकच बोट हाय, भाऊ. येकच."

"मोळी हाय त्यात," भागूबाई म्हणाली. "वढा."

ओढलं. माझं पोट मोळीवर टेकलं, मोळी कचाकचा चेपली, आणि मी घसरत वर गेले. मागची चाकं धाडकन पाठीवर आली. वर!

तुम्हाला सांगते, चार बोटांवर राहणारीला चार हातांवर नेऊन ठेवलं तर काय होतं? गरगरतं. उसाचे तुरे मला वरून दिसले. कारखान्याचं धुराडं दिसलं. आणि रस्त्यानं येणारी तात्यांची मोटरसायकलही दिसली.

तात्या आले. सरळ माझ्याजवळ आले आणि उभे राहिले. आता त्यांना वाकायला लागलं नाही. माझं पोट त्यांच्या छातीशी होतं.

टप्.

माझ्या पोटाखालून निघून गाडीच्या सपाट पाठीच्या काठावरून एक थेंब पडला. तात्यांच्या चपलेसमोर. मग दुसरा. टप्. मग धारच लागली.

वैजनाथभाऊ बोलायला गेले, "तात्या, मी बगितलं हाय—" तात्यांनी हात वर केला. हर्षलचा चेहरा चुन्यासारखा पांढरा. मला कळेना, मला तर काही फुटल्याचं जाणवलं नव्हतं. पण भीतीत काय जाणवतं? मी दिवे मिटून घेतले.

तात्यांनी तर्जनी धारेखाली धरली. डोळ्यांपुढं आणली. हुंगली. मग, देवाशपथ सांगते, जिभेला लावली.

"गोड हाय," तात्या म्हणाले.

भागूबाईनं तोंडाला पदर लावला आणि जी हसत सुटली! "आगं बया! रसवंती झाली की गाडीची! आलं-लिंबू टाका कुनीतरी!" सहादेव हसला, भाऊ हसले, ट्रकवाले खाली उतरून हसले. चेपलेली मोळी माझ्या पोटाखाली अडकली होती आणि तिचा रस गळत होता. चेंबर शाबूत होतं.

तात्या हसले नाहीत. हर्षलही नाही. तो डांबरानं काळा झालेला शर्ट घेऊन तात्यांपुढं उभा राहिला.

"तात्या, तेल न्हाई पडलं. पन पडलं आसतं. येक बोट उरलं व्हतं, म्या डोळ्यानं बगितलं. आन् फोनवर मी खोटं बोललो. स्प्रिंगा नव्या घालू. जुन्या मापाच्या."

तात्या बराच वेळ माझ्या तडकलेल्या बंपरवर बोट फिरवत राहिले.

"हिला गॅरेजात ने," ते म्हणाले. "आन् कपाटातले ते तुकडे आन. भंगारात त्ये घालू."

मग ते भागूबाईकडं वळले. "ताई, तुमचा भारा चेंगारला. उद्या येताना माझ्या मळ्यातला घासाचा भारा आनतो."

"गाडीत आना," ती म्हणाली. "पन मागच्या सीटवर. पोटाखाली नगं."

त्याला आज चौथा दिवस. स्प्रिंगा आल्यात, त्या खोक्यात दिसतायत त्या. उद्या घालणार. आणि तुम्हाला म्हणून सांगते, मला आता नवीनच भीती लागलीय. वीतभर उंची पुन्हा झेपेल का? भोवळ आली तर? वर गेल्यावर हर्षल मला विसरला तर? भीतीला काय, चार बोटं जागा असली तरी ती शिरते.

एक मागणं आहे. कुठं तुमची गाडी बंद पडली आणि ओढून न्यायला माणूस बोलावलात, तर लाज बाळगू नका. पोटाखाली किती बोटं आहेत, ते आधी सांगा. तुमची अब्रू तुम्ही झाकता, आणि आकडा आमच्या पोटात जातो.

बरं, उठा आता, तुमचे गुडघे दुखले असतील. ती बघा, झाडापासून माझ्या पोटापर्यंत मुंग्यांची रांग लागलीय. रस वाळला तरी वास गेलेला नाही. बिचाऱ्या सवयीनं अजून वाकूनच येतात.

त्यांनाही सांगून ठेवलंय, उद्यापासून ताठ मानेनं या म्हणून.