सातव्या बुरुजाची सुधारित आवृत्ती

वेशीवरचा पहारेकरी आधी मेला. भाला त्याच्या काखेतून शिरला, कारण तिथे चिलखत नसतं, आणि तो भिंतीला टेकून खाली बसला तो बसलाच. त्याच्यामागचे दोघे उकळत्या तेलाखाली सापडले. थोरला हे वाचून दाखवत होता आणि खाटीक मान डोलवत होता. काखेतला घाव मूळचा त्यानेच सुचवलेला. नव्या पुस्तकात तो जागच्या जागी होता.

खेळ तिघांचा होता. थोरला, त्याची धाकटी बहीण आणि शेजारचा खाटीक यांनी तो कॉलेजच्या वयात रचला. एक जण सूत्रधार होऊन जग सांगतो. बाकीचे त्या जगातली माणसं होतात आणि काय करायचं ते ठरवतात. केलेलं साधलं की फसलं, ते वीस पैलूंचा फासा सांगतो. सूत्रधार कायम थोरलाच. त्यांच्या या गडाचं त्याने पुढे पुस्तक केलं आणि अनोळखी लोकही तो खेळू लागले. आता प्रकाशकाला सुधारित आवृत्ती हवी होती, तोच गड, एका पिढीनंतरचा, जुन्या लढाईच्या हकिगतीसकट. छापायला देण्याआधी ती मूळ खेळाशी ताडून पाहायची, म्हणून तिघे खाटकाच्या दुकानामागच्या खोलीत जमले होते. दुकानाला सुट्टी होती. मांस तोडायचा ओंडका घासून पुसून घेतला होता आणि त्यावर गडाचा नकाशा पसरला होता.

त्यांचा नियम एकच होता. पडलं ते पडलं. फासा एकदा पडला की गयावया नाही, रुसवाफुगवा नाही. खाटकाचा लाडका शिपाई पहिल्याच लढाईत चिखलात घसरून स्वतःच्याच तलवारीवर पडला होता. खाटीक कितीतरी दिवस कुणाशी बोलला नव्हता, पण शिपाई मेलेलाच राहिला. नव्या आवृत्तीत त्या जागी एक समाधी होती.

‘‘निदान समाधी तरी बांधलीस,’’ खाटीक म्हणाला. ‘‘तेव्हा तर नुसता दात काढून हसत होतास.’’

थोरला पुढे वाचत गेला. धान्याच्या कोठारात कोंडून जाळलेली माणसं होती, आतून ओरबाडलेलं दार होतं, दारात अडकलेली नखंही होती. एका पिढीनंतर दार बदललं होतं, पण जुन्या फळ्या कुणी जाळायला धजलं नव्हतं. धाकटी डोळे मिटून ऐकत होती. ती दवाखान्यात एक्स-रे काढते. पाहिलेलं जसंच्या तसं सांगायची तिला सवय आहे, आणि दुसऱ्याने तसं सांगितलं की बरं वाटतं. सगळं बरोबर होतं.

मग सातवा बुरुज आला. किल्लेदाराने म्हातारपणापर्यंत गड राखला, थोरल्याने वाचलं, आणि एका पहाटे तो झोपेतच गेला. लोकांनी बुरुजावर त्याचा पुतळा उभारला.

धाकटीने डोळे उघडले आणि एवढंच पुन्हा वाचायला सांगितलं. त्याने वाचलं. शब्द तेच होते.

मूळ खेळात ती विहीर उपसणारी बाई होती. विहिरीच्या भुयारातून ती बुरुजात शिरली आणि बादलीच्या साखळीने तिने किल्लेदाराला मारलं. पहिला फटका जबड्यावर बसला; दात जिभेत रुतले. दुसऱ्याने गुडघा मागच्या बाजूला वळला. तो पालथा पडल्यावर तिने साखळी त्याच्या गळ्याभोवती घेतली, पाठीवर पाय दिला आणि त्याच्या टाचा फरशीवर आपटायच्या थांबेपर्यंत ओढून धरली. एकेक फटका थोरल्यानेच सांगितला होता.

किल्लेदार कोण, हे तेव्हाही तिघांना ठाऊक होतं. तो कैद्यांना मारण्याआधी दोर भिजवायचा. थोरला त्याच्या तोंडचं बोलायला लागला की आवाज वडिलांचा यायचा, हळू, एकेक शब्द सुटा. वडील पट्टा वापरत. पण भिजवत तेही. त्या खेळानंतर धाकटी घरी जाऊन गाढ झोपली, आणि पुढे कितीही मार बसला तरी तिच्याकडे ती साखळी होती. वडील आता नाहीत. लकव्याने बरीच वर्षं अंथरुणात काढून ते गेले. धाकटी त्यांना बघायलाही आली नाही. सगळं थोरल्यानेच केलं.

‘‘दादा,’’ ती म्हणाली, ‘‘बाकीचं रक्त थेंबाथेंबाने जपलंस. माझंच तेवढं पुसलंस?’’

थोरल्याने वाचकांचं कारण सांगितलं, मग प्रकाशकाचं, मग पुतळ्याने बुरुजाला शोभा येते असंही सांगितलं. कोठारात माणसं जाळलेली चालतात आणि एक माणूस गळा आवळलेला चालत नाही, असा कसला प्रकाशक, असं तिने विचारलं. खाटीक नकाशाची सुरकुती बोटाने सपाट करत राहिला.

तिने फासा उचलला. नव्या खेळात माझी बाई घण घेऊन बुरुजावर जाते आणि पुतळ्याचं डोकं फोडते, ती म्हणाली. थोरला म्हणाला, फासा ठेव. तिने मूठ हलवली. त्याने तिचं मनगट पकडलं, आणि ती फासा सोडेना तेव्हा ओंडक्याच्या काठावर दाबून पिळलं. सुकी काटकी मोडावी तसा आवाज झाला. फासा नकाशावर न पडता तिच्या मुठीतच राहिला.

खाटकाने थोरल्याला मागून धरून भिंतीवर ढकललं. त्याचं डोकं मांस टांगायच्या आकड्यांच्या लोखंडी दांडीवर आपटलं आणि भुवईतून रक्त निघून डोळ्यात उतरलं. तो पुन्हा पुढे आला. खाटकाने त्याच्या पोटात गुडघा घातला आणि तो खाली बसल्यावर त्याच्या छातीवर पाय ठेवला. खाटकाचं वजन ज्याला माहीत आहे तो त्यानंतर हलत नाही.

थोरला खालूनच बोलला. ‘‘तो मेलाच नव्हता. फासा हुकला होता तुझा.’’

सूत्रधाराच्या पुढे पुठ्ठ्याचा आडोसा असे आणि फासे त्या आडोशामागे पडत. धाकटीने तो फासा कधी पाहिलाच नव्हता. खाटीक मात्र थोरल्याच्या शेजारी बसायचा. तिने त्याच्याकडे पाहिलं.

‘‘चार पडले होते,’’ खाटीक म्हणाला. ‘‘बारा हवे होते. याने बघितलं, मी बघितलं. मग हा म्हणाला, जबड्यावर बसला.’’ त्याने पाय उचलला. ‘‘मी काय बोलणार? तुझं तोंड दिसत होतं ना मला.’’

थोरला उठून बसला. शेवटी शेवटी बाबा चमच्यासाठी तोंड उघडून वाट बघायचे, तो सांगू लागला. आणि आपल्याला दर वेळी तो फासा आठवायचा, की हा माणूस खरं म्हणजे त्या दिवशी वाचला होता, आपण खोटं बोललो होतो. आवृत्ती खरी करायची तर पडलेला फासा खरा धरायला हवा. बोलताना तो बाहीने डोळा पुसत होता आणि रक्त आणखीच पसरत होतं.

धाकटी स्टुलावर बसली. डाव्या हाताने तिने उजवं मनगट चाचपलं, अंगठ्याखालून वर. हाड जागचं हललं होतं. फोटो काढायची गरज नव्हती. सारा वेळ तिच्याकडे असलेली ती साखळी किल्लेदाराला कधी लागलीच नव्हती. रडू येईल असं तिला वाटलं, पण आलं नाही.

‘‘बरं,’’ ती म्हणाली. ‘‘चार तर चार. पडलं ते पडलं. लिही, की ती हुकली.’’

थोरल्याने मान वर केली.

‘‘पण तो जगला, म्हणजे दुसरा दिवसही उजाडला असेल. बाईला पकडलं असेल. त्याने दोर भिजवला असेल. तेही लिही. पुतळा राहू दे, त्याच्या खाली हे लिही. तुझ्याइतकं बरोबर कुणाला लिहिता येणार?’’

दवाखान्यात चल, खाटीक म्हणाला. आधी हे होऊ दे, ती म्हणाली. खाटकाने बर्फ आणून फडक्यात बांधला आणि तिच्या मनगटावर धरला. दुसरं फडकं त्याने थोरल्याच्या अंगावर फेकलं.

थोरल्याने कागद ओढला. मग लिहू लागला, आणि लागला तो थांबेना. बादलीतलं पाणी आलं, त्यात दोर कसा जड होतो ते आलं, पहिला वळ लगेच दिसत नाही, आधी पांढरा पडतो आणि मग फुगतो, ते आलं. ओरडलं तर जास्त बसतात आणि गप्प राहिलं तर आणखी जास्त, हेही आलं. भुवईतला थेंब कागदावर पडला तेव्हा त्याने तो पुसला नाही, पुढचं वाक्य त्याच्या बाजूने घेतलं.

धाकटी वाकून वाचत होती. एका ओळीवर ती थांबली. विहिरीवरच्या बाईची पाळी येण्याआधी किल्लेदाराने आपल्या थोरल्या मुलाला बोलावलं होतं आणि हात गरम व्हावा म्हणून पहिले फटके त्याला दिले होते.

‘‘किल्लेदाराला मुलगा कुठे होता?’’ तिने विचारलं. ‘‘मूळ खेळात नव्हता.’’

‘‘होता,’’ थोरला म्हणाला. ‘‘आडोशामागे होता.’’

तिने ओळ पुन्हा वाचली. मग सुजलेला हात बर्फासकट मांडीवर घेऊन, दुसऱ्या हाताने तिने कागदाचा कोपरा दाबून धरला, म्हणजे त्याला लिहिताना तो सरकायला नको.