शुक्रवारची सावली

एडविन सरांनी मोटरसायकलला बांधलेली लोखंडी काठी सोडवली, शाळेपुढच्या अंगणात टाच मारून जमीन ठोकून पाहिली आणि कपाळाला आठी घातली.

‘मॅडम, अंगण उतरतं आहे तुमचं. दोष इथंच असणार.’

राजेश्वरी मॅडम दारात उभ्या होत्या. त्यांच्या मागून पाच पोरं डोकावत होती. पटावर चौदा होती, पण दिवाळी सरली की पाथर्डीच्या या कोपऱ्यातली घरं कुलूप लावून ऊसतोडीला जातात, आणि खोरेवस्तीची शाळा पाचसहा पोरांवर येते. हे सरांनाही ठाऊक होतं. तो आपला विषय नव्हे, एवढंच त्यांचं म्हणणं.

सरांचा विषय सावली. राज्यातल्या शेकडो शाळांनी मिळून गणित-विज्ञानाचा एक उपक्रम चालवला होता. दर शुक्रवारी सूर्य माथ्यावर आला की एक मीटरच्या काठीची सावली मोजायची आणि शाळेमागे एकच आकडा एका संकेतस्थळावर टाकायचा. हिवाळ्यात दक्षिणेकडची सावली आखूड पडते, उत्तरेकडची लांब. त्या फरकावरून सातवी-आठवीच्या पोरांनी पृथ्वीचा घेर काढायचा. पुस्तकातून उतरवायचा नाही, स्वतः काढायचा. जिल्ह्याच्या त्रेचाळीस शाळांचं काम एडविन पाटोळे सरांकडे होतं आणि त्यांनी ते लेकीच्या लग्नासारखं अंगावर घेतलं होतं. मे महिन्यात ते निवृत्त व्हायचे होते. आज दोन वाजता यादी बंद होणार होती. ज्या जिल्ह्याचे आकडे सगळ्यांत निर्दोष, त्याचा पहिला नंबर. बेचाळीस शाळांचे आकडे कसे, धुतल्या तांदळासारखे. मिठाचा खडा एकच, तो म्हणजे ही खोरेवस्ती. दिवाळीपासून हिची सावली सहा-साडेसहा सेंटिमीटर आखूड येत होती. फोनवर सांगून भागेना, तेव्हा सर आपल्या हायस्कूलची एकुलती एक काठी घेऊन सकाळीच निघाले होते.

त्यांनी अंगणातली सपाट जागा शोधली, पाणसळ लावून काठी उभी केली. पोरांना गंमत वाटली. सावलीचं टोक सरकेल तसा खडूनं ठिपका द्यायचा, सगळ्यांत आखूड सावली ती खरी. बारा छत्तीसला सरांनी गुडघे टेकून टेप धरला.

‘अठ्ठ्याऐंशी पॉइंट तीन.’

सरांनी गणितानं जिल्ह्यासाठी काढून ठेवलेल्या तक्त्यात आजच्या तारखेपुढं सत्त्याऐंशी पॉइंट आठ होतं. अर्धा सेंटिमीटर इकडेतिकडे, चालायचंच. सर उठले, गुडघे झटकले आणि मग त्यांच्या ध्यानात आलं की आपण ज्यासाठी आलो तेच निसटलं. काठी सरळ, जमीन बरी, सावली बरोबर.

‘मग मॅडम, नऊ शुक्रवार तुम्ही सहा-सहा सेंटिमीटर कमी काय पाठवताय?’

‘मोजलेलंच पाठवते, सर.’

‘इथं?’

मॅडमनी पदर सावरला. ‘आत चला. चहा ठेवते.’

एडविन सरांना न उलगडलेला आकडा सोसत नसे. चहा येईपर्यंत त्यांनी टेबलावरच्या कोऱ्या कागदावर नऊही आकडे मांडले आणि उलट गणित केलं. अशी सावली पडायची तर काठी कुठं असायला हवी? पहिल्या आकड्याला उत्तर आलं, दोनशे चाळीस किलोमीटर दक्षिणेला. दुसऱ्याला दोनशे पन्नास. तिसऱ्याला पुन्हा दोनशे चाळीस. चुकीचे आकडे इतके एका जागेवर येत नाहीत. चुका दाही दिशांना पांगतात.

इतक्या दक्षिणेला इथली माणसं ऊस तोडायलाच जातात, सांगलीकडं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

‘मॅडम, ही काठी सांगलीकडं आहे.’

राजेश्वरी मॅडमच्या हातातला चहा बशीत सांडला. ‘अगं बाई,’ त्या हळूच म्हणाल्या, ‘सावलीवरून गाव पण कळतं?’

‘त्यासाठीच तर मोजतो आपण.’

मग मॅडमनी सांगितलं. आरती नावाची मुलगी, सातवीत एकटीच. जूनपासून सावली तीच मोजायची, दुसऱ्या कुणाला काठीला हात लावू द्यायची नाही. दिवाळीनंतर आईबापांबरोबर कारखान्यावर गेली, दोन वर्षांचा भाऊ सांभाळायला. जाताना शाळेचा टेप मागून नेला. तिथं उसाचं सरळ कांडं बघून बरोबर एक मीटर तोडलं, राहायच्या पाचटाच्या कोपीपुढं रोवलं. दर शुक्रवारी आईच्या मोबाईलवरून फोन येतो.

मॅडमनी हजेरीपट उघडून सरांपुढं सरकवला. आरतीच्या नावापुढं सोमवार ते गुरुवार गैरहजर, शनिवार गैरहजर. शुक्रवारी मात्र हजर. नऊच्या नऊ शुक्रवार.

‘फोन आला की मी हजर मांडते. तेवढा वेळ ती शाळेतच असते, सर. हे खोटं आहे हे मला कळतं.’

सरांनी त्या ओळीकडे बघितलं. मग घड्याळाकडे. सव्वा वाजून गेला होता.

‘ते मी कुणाला सांगणार नाही,’ ते म्हणाले. ‘पण हे आकडे काढावे लागतील. आपल्या जिल्ह्याचे नाहीत ते. त्या जागी बरोबर आकडे भरू.’

‘कुठले बरोबर?’

‘तक्त्यातले.’

ते बोलून गेले आणि मॅडम त्यांच्याकडे बघत राहिल्या. तेवढ्यात सरांच्या मोबाईलवर सूचना वाजली. आजचा आकडा आला होता, त्यांच्याच हायस्कूलचा. सत्त्याऐंशी पॉइंट आठ.

सरांनी खिडकीतून अंगणात बघितलं. काठी उन्हात उभी होती, पोरं तिच्याभोवती बसली होती. त्यांच्या हायस्कूलमध्ये दुसरी काठी नव्हती. त्यांनी फोन लावला.

‘स्टीफन, आज सावली मोजली?’

‘टाकली की सर. सत्त्याऐंशी पॉइंट आठ.’ स्टीफन त्यांच्या हाताखालचा विज्ञानाचा तरुण शिक्षक, रविवारी चर्चमध्ये पेटी वाजवणारा, मुंगीलाही वाट देणारा माणूस.

‘टाकली ते दिसलं. मोजली कशानं? काठी इथं आहे.’

‘तक्त्यात होतं ना, सर.’

‘आणि मागच्या शुक्रवारी?’

‘तक्त्यातलंच. पहिल्या दोन वेळा मोजलं होतं, पण पोरांचं तुमच्याशी जुळेना. कुणाचं थोडं कमी, कुणाचं जास्त. म्हटलं, सरांनी एवढ्या मेहनतीनं काढून दिलंय, आपण कशाला चुकीचं पाठवायचं? सगळेच तसं करतात, सर. का, काही चुकलं का?’

त्याच्या आवाजात लबाडी असती तर सरांना ओरडता आलं असतं. दर शुक्रवारी ते स्वतः शिक्षकांच्या खोलीत संगणकापुढं बसून जिल्ह्याचे आकडे गोळा करत आणि बाहेरच्या मैदानात पोरं मोजत असतील असं धरून चालत. तक्ता त्यांनीच ग्रुपवर टाकला होता, शिक्षकांना पडताळा घेता यावा म्हणून. चार रात्री बसून केला होता.

त्यांनी फोन ठेवला आणि यादी उघडली. सत्त्याऐंशी पॉइंट आठ. सत्त्याऐंशी पॉइंट आठ. बोट वर सरकत गेलं तसा तोच आकडा येत गेला. गोदावरीच्या काठची शाळा, सत्त्याऐंशी पॉइंट आठ. जिल्ह्याच्या पार दक्षिण टोकाची शाळा, सत्त्याऐंशी पॉइंट आठ. या दोन शाळांत साडेतीन सेंटिमीटरचा फरक पडायलाच हवा होता. फरक पडतो म्हणून तर पृथ्वी मोजता येते. तीस वर्षं गणित शिकवणाऱ्या माणसाला हे दिसलं नाही. उलट, आकडे कसे एका रांगेत बसलेत म्हणून तो घरी बायकोला दाखवत होता.

‘सर, पाणी देऊ का?’ मॅडमनी विचारलं. ‘चेहरा कसा झालाय तुमचा.’

‘तुम्हाला माहीत होतं?’

‘मला वाटलं, तुम्हालाही माहीत असेल.’

हे मात्र सरांना फार लागलं. त्यांनी मान खाली घातली. टेबलावर मॅडमचा मोबाईल थरथरू लागला, आणि मॅडमनी तो स्पीकरवर लावला.

‘बाई, लिवा. एक्क्याऐंशी पॉइंट चार.’ मागं लहान पोर किरकिरत होतं. ‘दोनदा बगितलं. बरोबर हाय.’

‘आरती, पाटोळे सर आलेत इथं. बोल त्यांच्याशी.’

‘नमस्ते सर. बाई म्हनल्या, माझं आकडं तुमच्याशी जुळंना. मी लई नीट मोजते, पन तरी चुकतंय. सर, तुमचा तक्ता मला बी धाडा ना. मंग माझं बी समद्यांसारखं बरोबर यील.’

मॅडमनी पुढं केलेला पाण्याचा तांब्या त्यांनी घेतला आणि तसाच धरून ठेवला.

‘सर? कट झाला का?’

‘नाही बाळा. तक्ता चुकलाय. तो कुणीच वापरायचा नाही. तुझं बरोबर आहे.’

‘माझं?’

‘तुझं. आता एवढं सांग, तू जिथं आहेस त्या गावाचं नाव काय?’

पलीकडून हळू आवाजात उत्तर आलं. ‘बाईंनी सांगितलंय, कुनाला सांगायचं न्हाई.’

सरांनी मॅडमकडे बघितलं नाही. ते मोबाईलवर जिल्ह्याची यादी उघडून एकेक आकडा पुसत होते, आपल्या हायस्कूलपासून सुरुवात करून. बेचाळीस रकाने रिकामे करायला वेळ लागला. तोवर आरतीनं फोन ठेवला नाही आणि राजेश्वरी मॅडम उघड्या हजेरीपटाकडे बघत उभ्या राहिल्या. गावाचं नाव गेलं की त्या नऊ शुक्रवारांचा जाब त्यांना द्यावा लागणार होता, हे दोघांनाही कळत होतं. दोनला दहा कमी असताना त्या मोबाईलवर वाकल्या.

‘सांग गं,’ त्या म्हणाल्या. ‘खरं नाव सांग सरांना.’

‘कासारमळा,’ आरती वर्गात उभी राहून उत्तर द्यावं तशी म्हणाली. ‘तालुका वाळवा, जिल्हा सांगली.’

सरांनी खोरेवस्तीच्या रकान्यात आपल्या अठ्ठ्याऐंशी पॉइंट तीनऐवजी तिचा आकडा भरला आणि गावाचं नाव तसंच लिहिलं. त्या शुक्रवारी जिल्ह्याच्या नावावर एकच सावली गेली, आणि ती जिल्ह्यात पडलेली नव्हती.